शेवयांच्या देशात पास्त्याचे पाकीट

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारसा समितीचे विसावे अधिवेशन भरले होते. या समितीचे यजमानपद भारताकडे प्रथमच आले होते आणि त्याच अधिवेशनात दीपावलीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. साहजिकच सर्वत्र आनंद व्यक्त झाला. मात्र त्याच मांडवात, त्याच यादीत आणखी एक नोंद झाली आणि तिच्याकडे आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ती नोंद होती इटलीच्या स्वयंपाकाची. एखाद्या पदार्थाची नव्हे, हॉटेलांची नव्हे, तर घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या रांधण्याच्या आणि एका टेबलाभोवती बसून जेवण्याच्या रीतीची. उरलेसुरले वाया न घालवणाऱ्या कृती, हंगामाचे धान्य-भाजी, आजीकडून नातीकडे जाणारे हातगुण या साऱ्यांचा त्या प्रस्तावात गौरव होता.

दीपावलीचा वारसा जगाने मान्य केला, याचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने या दुसऱ्या नोंदीकडेही नीट पाहावयास हवे होते. कारण इटलीने जे मिरवले, ते आपल्या घरांतून निसटत चालले आहे आणि गंमत अशी की ते निसटताना आपल्या ताटात जे येते आहे, त्याला नाव मात्र इटलीचे आहे.

वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जूचंद्रनंतर कामण रोड स्थानक लागते. कामणदुर्गाच्या पायथ्याचा, तुंगारेश्वरच्या डोंगरांनी वेढलेला हा मुलूख. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेचा ज्यांना विसर पडलेला नाही, त्यांना या डोंगरांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. आज याच भागातून चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता जातो. त्यावर अहोरात्र अवजड वाहनांची रांग, दुतर्फा कारखान्यांच्या शेड आणि त्यांच्या मागे जुनी भातशेती व नव्या चाळी. या मार्गावर गाड्या मोजक्याच. त्यामुळे वसई रोडला उतरून रिक्षा वा बस पकडावयाची, खड्ड्यांतून घरी पोहोचावयाचे, तोवर रात्रीचे साडेआठ-नऊ. अशा घरातील मुलाने 'आज पास्ता कर' असा हट्ट धरला, तर दोन वेळच्या प्रवासाने पिचलेली आई काय करील? ती दुकानातून मसाल्याच्या पुडीसह येणारे पाकीट आणते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असेल, तर हॉटेलातून मागवते. दोन्ही वेळा मुलाला पास्ता मिळतो. दोन्ही वेळा घरात स्वयंपाक होत नाही.

या चित्रावर आपल्याकडे दोन ठराविक प्रतिक्रिया उमटतात आणि त्या दोन्ही चुकीच्या आहेत.

पहिली चूक : बहिष्काराची

पहिली प्रतिक्रिया आपल्याच माणसांची. 'हे परकीय अन्न घरात नको.' इटलीचे नाव निघताच ज्यांना राजकारणच आठवते, त्यांचे तर विचारूच नका. पण ज्या स्वयंपाकघराचे आपण शुद्धीकरण करू पाहतो, त्यातील डबे एकदा उघडून पाहावेत. उद्या एकादशी असेल, तर साबुदाण्याची खिचडी होईल. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. हिरवी मिरची तिकडची, बटाटाही तिकडचा. जिऱ्या-तुपाचा अपवाद सोडला, तर आपल्या उपवासाची संपूर्ण थाळी कोलंबसानंतर समुद्र ओलांडून आली आहे आणि तरीही तिच्या पावित्र्याला बाधा आली, असे कोणत्याही आजीला वाटलेले नाही. पोर्तुगीज वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत राहिले. मराठ्यांनी किल्ला घेतला, भगवा फडकवला. पोर्तुगीजांनी आणलेला पाव मात्र त्यांच्याबरोबर गलबतात घालून परत पाठवावा, असे कोणास वाटल्याचे ऐकिवात नाही. आज वडा त्याच पावात बसतो आणि अस्सल मराठी म्हणवतो.

समाज पचवतो ते त्याचे होते. प्रश्न परकीय वस्तूचा नसून ती वस्तू पचवणारे जठर, म्हणजे घरातील चूल, शाबूत आहे की नाही, याचा आहे.

स्वदेशीच्या इतिहासाचा पुरावाही याच बाजूचा आहे. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने विदेशी कापडाची होळी झाली, हे प्रत्येकाला ठाऊक असते. पण त्यानंतर तीनच वर्षांनी तळेगावला काय झाले, हे किती जणांना आठवते? अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या आणि लोकमान्यांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तेथे काच कारखाना सुरू झाला. कारखान्यासाठी ईश्वरदास वार्ष्णेय हे जपान आणि अमेरिकेत आधुनिक काचविद्या शिकून आलेले गृहस्थ लाभले. विदेशी काच फोडणे सोपे होते. ती बनवावयास शिकणे कष्टाचे होते आणि राष्ट्राचे दारिद्र्य हटले असेल, तर ते दुसऱ्या प्रकारच्या माणसांमुळे.

या विवेकाचा विसर पडला की काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २००१ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या अमेरिकेतील बटाट्याच्या तळणीत गोमांसाचा अंश असल्याचे उघड झाले. तेथील हिंदूंची आणि अन्य शाकाहारी ग्राहकांची ती उघड फसवणूक होती. कंपनीला क्षमा मागावी लागली आणि २००२ मध्ये दाव्याच्या तडजोडीत हिंदू व शाकाहारी संस्थांसह इतरांना मिळून एक कोटी डॉलर द्यावे लागले. हे यश चिकाटीने दावा लढवणाऱ्यांचे. भारतात आपण असे काही वापरत नाही, असे कंपनी सांगत होती आणि येथील तपासणीतही तसे काही आढळले नाही. तरीही ठाण्यात त्या कंपनीच्या हॉटेलाची मोडतोड झाली. काचा नव्या बसल्या, गर्दी पूर्वीपेक्षा वाढली. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहाराची हिरवी आणि मांसाहाराची तपकिरी खूण सक्तीची करणारा नियमही २००१ मधलाच. शाकाहारी कुटुंबाला खरे संरक्षण दिले ते त्या वाटाण्याएवढ्या खुणेने, दगडाने नव्हे.

इटलीतही असा एक बहिष्कार होऊन गेला आहे आणि तो तर स्वतःच्याच अन्नावर. डिसेंबर १९३० मध्ये मारिनेत्ती या कवीने जाहीरनामा काढून पास्ता राष्ट्राला आळशी व निस्तेज करतो, म्हणून तो बंद करा, अशी हाक दिली. गव्हाची आयात कमी करू पाहणाऱ्या मुसोलिनीच्या राजवटीलाही लोकांनी भात अधिक खावा, असे वाटत होते. राष्ट्रभक्तीचे एवढे वजन पाठीशी असूनही इटलीच्या बायकांनी त्या कवीला जुमानले नाही. पुढे राजवट गेली, जाहीरनामा अभ्यासकांपुरता उरला आणि पातेल्यातले पाणी उकळत राहिले. चुलीशी भांडण मांडणारा राष्ट्रवाद टिकत नाही.

दुसरी चूक : पाकिटाची

दुसरी प्रतिक्रिया अधिक सुशिक्षित आणि म्हणूनच अधिक घातक आहे. 'अन्नाला कसला आलाय देश? मुलांना आवडते, वेळ वाचतो, द्या.' जागतिकीकरणाच्या उंबरठ्यावर जन्मलेल्या पिढीला हे वाक्य तोंडपाठ आहे. पण हे वाक्य ज्या पाकिटाच्या समर्थनार्थ उच्चारले जाते, ते पाकीट कोणत्याच देशाच्या स्वयंपाकात बसत नाही. इटलीच्या तर मुळीच नाही.

इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता केवळ ड्युरम जातीच्या कठीण गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे, असे बंधन घातले. पुढे १९८८ मध्ये युरोपच्या न्यायालयाने बाहेरून येणारा मऊ गव्हाचा पास्ता इटलीला अडवता येणार नाही, असा निकाल दिला. तरी आपल्या उत्पादकांवरील बंधन इटलीने सोडले नाही. दोन वर्षे आधी, १९८६ मध्ये, रोमच्या ऐतिहासिक चौकात मॅकडोनाल्ड्सचे हॉटेल उघडणार म्हणताच कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निदर्शने केली. त्यांनी दगड उचलले नाहीत. लोकांना वाडगे भरभरून पास्ता वाटला. त्यातून 'स्लो फूड' ही चळवळ उभी राहिली आणि १९८९ मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा निघाला. सावकाश रांधा, जवळचे धान्य वापरा, एकत्र बसून जेवा, हे तिचे म्हणणे. हे वाचताना कोणा मराठी गृहिणीला यात नवे काय, असा प्रश्न पडेल आणि तो रास्त आहे.

आता आपल्याकडील पाकीट पाहा. १९८३ मध्ये नेस्ले कंपनीची मॅगी भारतात आली आणि 'दोन मिनिटे' हे स्वयंपाकाचे नवे माप झाले. जून २०१५ मध्ये शिशाच्या प्रमाणावरून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तिच्यावर बंदी आणली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून फेरतपासणी करावयास सांगितले आणि तपासणीत निर्दोष ठरून नोव्हेंबरात ती पुन्हा दुकानांत आली. त्या वादात कंपनी सुटली, हे मान्यच केले पाहिजे. पण त्या पाच महिन्यांत एक गोष्ट उघडी पडली आणि ती शिशाहून चिंताजनक होती. मुलांना संध्याकाळी काय द्यावे, हे कित्येक सुशिक्षित घरांना सुचेना. ज्या घरात चैत्र-वैशाखात गच्चीभर वाळवणे पडत, त्या घराला शेवयांचा उपमा आठवेना!

नूडल्सच्या त्या वाटेने आता 'मसाला पास्ता' आला आहे. पाकिटावर किंमत मोठ्या अक्षरांत, वजन बारीक अक्षरांत. साठ-सत्तर ग्रॅमच्या त्या पुडीचा किलोचा भाव काढून पाहावा. मग मालाहून मसाल्याच्या कागदालाच अधिक पैसे मोजले, हे ध्यानात येईल. मागच्या बाजूस घटकांची यादी असते. तेथे 'ड्युरम गव्हाचा रवा' असे आहे की 'मैदा', हे पाहण्याचे कष्ट किती जण घेतात? पास्ता म्हणजे मैदा, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ आहे, ती या स्वस्त पाकिटांनीच करून दिली.

आणि तो गहू काही सातासमुद्रापार पिकत नाही. आपला बन्सी गहू ड्युरमच. माळव्यात, गुजरातच्या भाल प्रदेशात, दख्खनच्या कोरडवाहू रानांत तो शतकानुशतके पिकतो आहे. शेवया, कुरडया, रवा यांसाठी आजी मुद्दाम बन्सी मागत असे, ते काही हौसेने नव्हे. त्याचा रवा कठीण, पिवळसर आणि शिजवला तरी न फिसकटणारा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ हा ड्युरम गव्हाचा वाण विकसित केला, त्यात प्रथिनांचे प्रमाण सुमारे १४.७ टक्के आहे. महाराष्ट्राच्या शास्त्रज्ञांनी वाण द्यावा, महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने पिकवावा आणि महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाने मैद्याचे पाकीट आणावे, हा व्यवहार शहाणपणाचा म्हणता येईल काय?

फणी, नखे आणि बोटे

मुळात पास्ता ही कल्पना आपल्याला परकी आहे, हेच खरे नाही. लग्नघरी रुखवतात गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटवे मांडले जात. नावे प्रांतागणिक बदलतात, पण कृती एकच. रव्याची घट्ट कणीक, तिचा चिमटीएवढा गोळा आणि बायकांची बोटे. गव्हल्याचा आकार गव्हाच्या दाण्याचा. इटलीत अशाच दाण्याएवढ्या पास्त्याला 'ओर्झो' म्हणतात, त्याचा अर्थ जव. आपल्याकडे कणकेची गोळी फणीच्या दात्यांवर फिरवून तिच्यावर रेघा उठवत. इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतात कणकेची चौकट फणीवर गुंडाळून 'गार्गानेल्ली' करतात. आपल्या वरणफळांत, म्हणजेच चकोल्यांत, पोळी लाटून तिचे शंकरपाळे कापतात आणि ते उकळत्या आमटीत सोडतात. इटलीत असेच वेडेवाकडे कापलेले तुकडे घेवड्याच्या रश्शात सोडतात आणि त्यांना 'माल्ताल्याती', म्हणजे 'वाईट कापलेले', असे म्हणतात. कोणी कोणाकडून घेतले, हा वाद उकरण्यात अर्थ नाही. मार्को पोलोने चीनमधून पास्ता आणला, ही कथादेखील खोटीच. तो जन्मण्याच्या शतकभर आधी, ११५४ मध्ये, अल्‌ इद्रिसी या भूगोलकाराने सिसिलीत असा पदार्थ तयार होऊन बाहेर जात असल्याचे नोंदवून ठेवले आहे. कठीण गहू, कडक ऊन आणि पावसाळ्याची बेगमी करणारी गृहिणी जेथे जेथे असेल, तेथे तेथे हे घडणारच.

फरक पुढचा आहे. इटलीच्या आजीने वळलेले तुकडे जगाच्या यादीत गेले. आपल्या आजीचे गव्हले रुखवतातल्या काचेच्या वाटीत गेले आणि तेथून फोटोत. ते शिजवून खावयाचे असतात, हे आजच्या नवरीला सांगावे लागते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला आणि लिज्जत उभे राहिले. पापडाला जे जमले, ते गव्हल्यांना का जमू नये? २०२० मध्ये केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली, तीत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. बचत गटांना त्यातून शेवयांचे यंत्र घेता येत होते. पण आपली प्रदर्शने अजून लोणची-पापडांच्या पलीकडे सरकत नाहीत आणि तेथे शेवयांचे पाकीट उचलणारा कार्यकर्ता घरी जाऊन त्याचे काय होते, हे विचारत नाही.

कामणच्या घरात दीडशे रुपयांत

तेव्हा पास्ता घरात यावा. मात्र पाकिटातून नव्हे, पातेल्यातून यावा. शाकाहारी, स्वस्त आणि चौघांना पुरेल असा.

भारतीय कारखान्यातील ड्युरम रव्याचे अर्धा किलोचे साधे पाकीट, मसाल्याच्या पुडीशिवायचे, सर्वसाधारणपणे शंभर रुपयांच्या आत मिळते. पुण्याची वाइकफील्ड १९५६ पासूनची, हैदराबादची बाम्बिनो १९८२ ची. नावे नवीन नाहीत. हिरवी खूण पाहून घ्यावी, कारण काही ठिकाणी कणकेत अंडे असते. माणशी ८० ग्रॅम, म्हणजे चौघांना सव्वातीनशे ग्रॅम. अडीच-तीन लिटर पाणी झाकण ठेवून उकळावे. झाकणाने गॅस वाचतो, हे सांगावयास नको, पण बहुतेक जण विसरतात. पाणी खळखळल्यावर दीड-दोन मोठे चमचे मीठ घालून मग पास्ता टाकावा, अधूनमधून ढवळावा आणि दाताखाली किंचित कण लागत असतानाच उतरवावा. तो भातासारखा मऊ झाला, की बिघडला. निथळलेले पाणी मोरीत ओतू नये. ती पेजच आहे. वाडगाभर राखून ठेवावी, सारे कालवण तिच्यावर मिळून येते.

एकीकडे अर्धा किलो टोमॅटो, सात-आठ लसणीच्या पाकळ्या आणि शेंगदाण्याचे तेल. लसूण ठेचून तेलात गुलाबी करावी, सुकी मिरची मोडून घालावी, टोमॅटो चिरून घालावेत आणि पंधरा मिनिटे मंद आचेवर आटू द्यावेत. साखर-सॉस काही नको. वसईच्या वाड्यांतील वांगी, दुधी, पालक, लाल माठ यांपैकी जे स्वस्त असेल ते त्यात जावे. पावसाळ्यात तुंगारेश्वरच्या डोंगरातून आदिवासी भगिनी रानभाज्यांचे वाटे घेऊन रस्त्याकडेला बसतात. कोवळा टाकळा लसणीवर परतून यात घातला, तर इटलीच्या खेडुतालाही ओळखीचा वाटेल. त्यांच्याकडेही गरिबाघरची पाकशैली रानपाल्यावरच उभी आहे.

चीज लागतेच, हा आणखी एक हॉटेली भ्रम. दक्षिण इटलीतील गरिबाला चीज परवडत नसे. तो शिळ्या पावाचा चुरा तेल-लसणीवर खमंग भाजून वरून भुरभुरवी. कामणच्या घरात सकाळचा उरलेला पाव असतोच. तो नसेल, तर भाजलेल्या तिळाचे वा सुक्या खोबऱ्याचे कूट घ्यावे. येथे शाकाहारी कुटुंबांना एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे, विशेषतः ज्यांची मुले शिक्षण-नोकरीसाठी परदेशी आहेत त्यांना. इटलीचे मूळ पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील विरजणानेच लावावे, असा नियमच आहे. दुधाचे म्हणून ते शाकाहारी, ही समजूत चुकीची. भारतात अमूलसारखे उत्पादक सूक्ष्मजीवजन्य विरजण वापरतात.

आणखी पोटभरीचे हवे असेल, तर मूठभर मसूर किंवा भिजवलेली चवळी शिजवून त्यात पास्ता सोडावा. इटलीत डाळी-कडधान्यांतला पास्ता हे कष्टकऱ्यांचे रोजचे जेवण होते. आपण ते वरणफळ म्हणून खातच आलो आहोत. गहू आणि डाळ एकत्र आली, की प्रथिनांची उणीव भरून निघते, हे आपल्या खिचडीने शिकवलेलेच आहे. टोमॅटोचा भाव फार चढलेला नसेल, तर चौघांचे हे जेवण दीडशे रुपयांच्या आत होते. हॉटेलात एका माणसाच्या बशीला दोन-तीनशे रुपये सहज मोजावे लागतात आणि ती बशी घरी येईतो गार झालेली असते.

हे सारे पाऊण तासाचे काम. पण नऊ वाजता घरी पोहोचलेल्या त्या माउलीने आणखी पाऊण तास ओट्याशी उभे राहावे, असे सुचवणारा लेख लिहिणे सोपे आहे. इतकी वर्षे असेच लेख लिहिले गेले. कुटुंबव्यवस्था टिकावी, संस्कार टिकावेत, आजीची कृती टिकावी आणि हे सारे एकट्या गृहिणीने टिकवावे! संघाने शताब्दीच्या निमित्ताने जे पंच परिवर्तन समाजापुढे ठेवले, त्यात कुटुंब प्रबोधन आहे आणि स्वदेशीचा आग्रहही आहे. या दोन्ही विषयांवर बौद्धिक देणारे पुष्कळ आहेत. शिबिरात दोनशे जणांसाठी भात उपसणारा, पंगतीत धावून धावून वरण वाढणारा, स्वतःचे ताट स्वतः घासणारा कार्यकर्ता घरी आला, की पाण्याचा पेलाही जागेवर मागतो. शिबिरातला हात घरात का चालत नाही? पास्त्याला पोळीसारखे लाटण्याचे कसब लागत नाही, भाकरीसारखे थापण्याचे तर नाहीच. पाणी उकळणे, लसूण सोलणे, घड्याळ पाहणे, एवढ्यावर तो होतो. ज्या पुरुषाने आयुष्यात चहापलीकडे काही केलेले नाही, त्यालाही तो पहिल्या खेपेस जमतो. वडील टोमॅटो चिरताहेत, मुलगी ढवळते आहे, मुलगा पावाचा चुरा भाजतो आहे आणि आई दिवसभरात प्रथमच खाली बसली आहे, असा आठवड्यातला एक दिवस कामणच्या घरात आला, तर त्या दिवशी पातेल्यात शेवया आहेत की पेने, याची चौकशी करीत बसू नये.

एक आक्षेप ज्येष्ठांकडून हमखास येईल. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, मग या पदार्थाचे काय करावे? तेलात चिमूटभर हिंग घालावा आणि टोमॅटो टाकावेत. हिंग कोणाला परका वाटण्याचे कारण नाही. प्राचीन रोमच्या स्वयंपाकघरातही तो पूर्वेकडून जात असे. पुढे तेथून तो नाहीसा झाला आणि आता इटलीच्या आजीला तो ठाऊक नाही.